५.५६ च्या पुंगळीतून ३०० ब्लॅकआउट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शनिवारी दुपारी रेंजवर गोळीबार थांबला की बाकांमागे पितळेचा सडा पडलेला असतो. टेक्सासमधल्या आमच्या रेंजवर तो झाडून एका कोपऱ्यात लोटतात, आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर बादलीभर घेऊन जाऊ देतात. (सगळीकडे देत नाहीत. काही ठिकाणी तो त्यांचा भंगाराचा पैसा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय वाकू नका.) त्या बादलीत .२२३ रेमिंग्टन आणि तिची लष्करी जुळी बहीण ५.५६ या रायफलच्या काडतुसांच्याच पुंगळ्या (उडून झालेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच) जास्त निघतात. याच पुंगळ्या कापून, दाबून त्यांच्या ३०० एएसी ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळ्या घरच्या गॅरेजमध्ये करता येतात. अमेरिकेत हा छंद असणारे हजारो लोक हे करतात. मी सहा वर्षं करतोय. त्याआधी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये होतो, म्हणून भाषा थोडी वर्कशॉपची येईल.

लेख फक्त पितळेच्या कामाचा आहे. पावडर कोणती आणि किती, गोळी कोणती, हे छापील लोडिंग मॅन्युअल उघडून बघायचं. माझ्यासारख्या परक्या माणसाच्या लेखावरून ते कधीच ठरवू नका.

आधी कायदा, कारण यात आपली माणसं फसतात

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायला लागलात तर लागतो. राज्यांचे आणि काही शहरांचे नियम वेगळे आहेत, ते तुमचे तुम्ही बघा.

पण एच-१बी किंवा इतर नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध शिकारीचा परवाना. ऑफिसातले मित्र रेंजवर नेतात, भाड्याची रायफल हातात देतात, कुणी काही विचारत नाही, आणि आपल्याला वाटतं चालतं. चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मी स्वतः कार्ड येईपर्यंत थांबलो. शंका असेल तर वकिलाला विचारा, तासाची फी परवडते.

भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात. तेव्हा भाच्याला दाखवायला म्हणून चार रिकाम्या पुंगळ्या बॅगेत टाकून पुण्याचं विमान पकडू नका. विमानतळाच्या एक्स-रेमध्ये त्या पहिल्या दिसतात.

याच दोघींचं का जमतं

३०० ब्लॅकआउटचा आराखडाच .२२३ च्या बुडावर बेतलेला आहे. अमेरिकन बंदूक-काडतूस उद्योगाची मापं ठरवणाऱ्या साम्मी या संस्थेने २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. बूड तेच असल्यामुळे एआर-१५ रायफलीत बोल्ट (पुंगळीच्या बुडामागे बंद होणारा भाग) तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी बदलायची. कमाल दाबही दोन्हींचा सारखाच, ५५,००० पीएसआय. म्हणजे पुंगळीच्या बुडाला आपण तिच्या ताकदीबाहेरचं काही करायला सांगत नाही.

मापं मात्र वेगळी. .२२३ ची पुंगळी जास्तीत जास्त १.७६० इंच लांब आणि तिच्यात .२२४ इंच व्यासाची गोळी. ३०० ब्लॅकआउटची पुंगळी जास्तीत जास्त १.३६८ इंच, गोळी .३०८ ची. पुंगळी आखूड, गोळी जाड.

आता नीट लक्ष द्या. .२२३ चा खांदा, म्हणजे धड निमुळतं होऊन गोळी धरणारी मान सुरू होते तो उतार, बुडापासून साधारण १.४४ इंचावर सुरू होतो आणि आपण कापतो त्याच्याही खाली. म्हणजे जुनी मान आणि जुना खांदा दोन्ही भंगारात जातात. नवी मान तयार होते ती जुन्या पुंगळीच्या धडातून. कारखान्यात पुंगळी ओढतात तेव्हा तिची भिंत तोंडाकडे पातळ आणि बुडाकडे जाड ठेवलेली असते. धडाच्या त्या भागाची जाडी कुणी मान म्हणून मोजलेली नसते. या उद्योगात जे काही बिघडतं त्यातलं निम्मं इथून येतं, त्यामुळे कापणं हा सोपा भाग आणि मोजणं हे खरं काम.

निवड

टेबलावर बादली ओता आणि हातमोजे घाला. प्रायमरच्या (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) राखेत शिसं असतं. हे काम स्वयंपाकघरात नाही, जेवणाच्या टेबलावर नाही, लहान मूल आसपास असताना तर नाहीच. काम झालं की हात धुवायचे, मग चहा.

पहिल्या फेरीत न फुटलेलं काडतूस मिसळलेलं आहे का ते बघा. मला आजवर तीन सापडली आहेत. मग चुंबक फिरवा, स्टीलच्या पुंगळ्या चिकटून येतील. बुडात आतून डोकावून दोन छोटी भोकं दिसली तर ती बर्डन प्रकारची, आपल्या उपयोगाची नाही. एकच मधलं भोक हवं.

दुसऱ्या फेरीत चिरा बघा. मानेवरची चीर माफ, मान फेकायचीच आहे. धडावरची चीर माफ नाही. बुडाच्या थोडं वर चकचकीत कड्यासारखी रेघ दिसली तर पुंगळी ताणून आतून झिजलेली असते. शंका आली तर यू-पिन सरळ करा, टोकाला बारीक आकडा वाकवा, आत घालून भिंतीवरून वर-खाली फिरवा. खाचेत नख अडकावं तसा आकडा अडकला, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. न चेपता टाकली तर महिन्याभराने तीच पुन्हा टेबलावर येते.

तिसरी फेरी शिक्क्यांची. बुडावर एलसी आणि दोन आकडी वर्ष असेल तर ती मिसुरीतल्या लेक सिटी या लष्करी कारखान्याची. रूपांतरासाठी लोक हीच आधी शोधतात, आणि माझाही अनुभव चांगला आहे. तिच्या प्रायमरभोवती बहुतेक वेळा दाबून बसवलेलं कडं असतं, ज्याला क्रिंप म्हणतात. ते नंतर काढावं लागतं. बाकी कंपन्यांच्या पुंगळ्या शिक्क्यानुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. कुठल्या शिक्क्याची भिंत जाड निघते हे तुम्हाला तुमच्याच मायक्रोमीटरवर कळेल. मिसळून ठेवलात तर कधीच कळणार नाही.

प्रायमर काढणं, धुणं

जुना प्रायमर प्रेसवर (हाताने दाबायचं छोटं यंत्र) डिकॅपिंग डायने ढकलून काढा; डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा पोलादी साचा. मग पाणी, भांडी घासायचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. आपल्या घरात देवाची पितळी भांडी चिंचेने लख्ख करतात तीच ही रसायनविद्या. जास्त आम्ल किंवा जास्त वेळ झाला तर पितळ गुलाबी पडतं, म्हणजे जस्त निघून गेलं आणि वर तांबं उरलं. तिथपर्यंत जाऊ नका.

अमोनिया असलेलं पॉलिश वापरायचं नाही, हे मात्र ठाम. यामागची गोष्ट आपल्याकडचीच आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत, आणि पाऊस संपून बाहेर काढली की पुंगळ्यांना चिरा गेलेल्या दिसत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकाम करताना पितळात कोंडलेला ताण, या तिघांचा तो उद्योग. कारणाचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. इंग्रजीत त्या तडकण्याला अजून ‘ऋतू’वरूनच नाव आहे, आणि तो ऋतू म्हणजे आपला पावसाळा.

कापणं

दोन इंची पात्याची छोटी चॉप सॉ आणि पुंगळी बसवायची जिग असली की काम पटकन होतं. जिग पुंगळीला बुडाशी टेकवते आणि कापायची लांबी पक्की करते. लांबी किती ठेवायची? अंतिम माप १.३५८ ते १.३६८ इंच. कापताना १.३८ च्या आसपास ठेवा, कारण डायमध्ये दाबल्यावर लांबी बदलते आणि शेवटी ट्रिमरने छाटायला माल शिल्लक हवा. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं वाया.

गॉगल लावा. हे टूलरूमवाल्याला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो: पितळेचा कीस सुईसारखा असतो आणि तो चुंबकाला लागत नाही, त्यामुळे डोळ्यात गेला तर डॉक्टरकडेच जावं लागतं. कापून झाल्यावर तोंडाची आतली-बाहेरची बर (कापताना कडेला राहिलेला धारदार कीस) काढा. बर तशीच ठेवली तर ती डायच्या आत ओरखडे पाडते, आणि मग त्या डायमधून येणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तो ओरखडा छापून येतो.

तापवणं, म्हणजे ॲनीलिंग

पुण्यातल्या तांबट आळीत लहानपणी गेला असाल तर हे कळायला वेळ लागणार नाही. कारागीर पत्रा ठोकतो, ठोकता ठोकता धातू कडक होतो, मग तो भट्टीत घालतो, मऊ करतो आणि परत ठोकतो. पितळाचंही तेच. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. दाबलं की कडक होतं, तापवलं की मऊ. कडक पितळ डायमध्ये दाबताना किंवा पुढे दोन-तीनदा वापरल्यावर तोंडाशी तडकतं.

कापलेलं टोक प्रोपेनच्या ज्वालेत काही सेकंद फिरवायचं, बस. पण पुंगळी आता आखूड आहे, उष्णता बुडापर्यंत लवकर पोचते, आणि बूड मऊ झालं तर ती पुंगळी धोकादायक झाली. दाब सगळा बुडावर येतो. म्हणून पुंगळ्या ओव्हनमध्ये शेकायच्या नाहीत, कुणी कितीही छान फोटो टाकलेला असो. प्रायमर काढलेलाच हवा, हेही वेगळं सांगायला नको. आणि एक गैरसमज: पाण्यात टाकल्याने पोलाद कडक होतं, पितळ होत नाही. पाणी फक्त उष्णता खाली उतरू देत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या पन्नास पुंगळ्यांना ज्वाला दाखवूच नका. चार-पाच तडकतील, तडकू द्या. ज्वालेचा अंदाज नसताना पन्नासच्या पन्नास बुडं मऊ करून बसण्यापेक्षा ते स्वस्त.

डायमध्ये दाबणं

हा सगळ्यात समाधानाचा टप्पा. नळकांड्यासारखं कापलेलं तोंड वर जातं आणि खाली येतं तेव्हा त्याला खांदा आणि मान आलेली असते.

३०० ब्लॅकआउटचा फुल-लेंग्थ साइझिंग डाय लागतो. शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारी चकती) .२२३ चाच चालतो, बूड तेच आहे ना. सिंगल-स्टेज प्रेस असेल तर उत्तम. हाताला जोर जाणवला पाहिजे.

वंगण. माझी पहिलीच पुंगळी डायमध्ये अडकली, कारण मी स्प्रे मारला आणि लगेच दाबली. स्प्रेमधलं अल्कोहोल उडून जायला दोन-चार मिनिटं द्यायची असतात, मागे राहतं ते लॅनोलिन खरं वंगण. मी जोर लावला, प्रेसचा रॅम (पुंगळीला वर-खाली नेणारा खांब) खाली आला, शेल होल्डरने पुंगळीच्या बुडाची कड सोलून काढली आणि पुंगळी वरच राहिली. मग बुडातून भोक पाडा, आटे पाडा, बोल्ट घालून ओढून काढा. रविवार गेला. आता मी डबीतलं मेण बोटाला लावून पुंगळीच्या अंगावरून एकदा फिरवतो, जेमतेम चकाकी येईल इतकंच. खांद्याच्या जागी जास्त लागलं तर तिथे पोचे पडतात, कारण वंगण दबत नाही, पितळ दबतं.

प्रेसचं हँडल सावकाश खाली आणा. अर्ध्यावर जोर वाढेल, तिथे नवा खांदा घडत असतो. एकदम अडल्यासारखं वाटलं तर ढकलू नका, मागे घ्या, मेण लावा, पुन्हा या.

डाय किती खाली बसवायचा हे गेज ठरवतो. ३०० ब्लॅकआउट चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) खांद्यावर टेकतं, त्यामुळे खांदा पुढे राहिला तर बोल्ट बंद होणार नाही, आणि फार मागे गेला तर पुंगळी उडताना ताणली जाऊन बुडाशी तुटायची. डाय थोडा वर ठेवून सुरुवात करा, पाव-पाव आटा खाली घ्या, प्रत्येक वेळी पुंगळी पुसून केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायचं धातूचं नळकांडं) टाका. बूड गेजच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आलं की लॉक रिंग घट्ट करा. टूलरूमवाल्यांसाठी: हे गो-नो गोच आहे, नाव वेगळं.

छाटणं आणि मग मानेची जाडी

लांबी दाबल्यानंतरच छाटायची. आधी छाटलीत तर काम दोनदा होईल. माप १.३५८ ते १.३६८, मी १.३६० ला ट्रिमर लावतो. पुन्हा आत-बाहेर चॅम्फर, म्हणजे कडा तिरक्या घासणं.

आता ती धडातून आलेली मान. गोळी बसल्यावर मानेचा बाहेरचा व्यास साम्मीच्या मापात जास्तीत जास्त .३३४ इंच. गोळी .३०८. उरले २६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे एका बाजूला १३. पण चेंबरमध्ये मानेला फुलायला जागा हवी, नाहीतर गोळी सुटत नाही आणि दाब कुठच्या कुठे जातो. म्हणून १३ ला टेकलेली भिंत ही सीमेवरची नाही, वाईटच समजायची. मी ११ च्या आसपासची सरळ ठेवतो, १२ च्या वर गेली की भंगार.

इथे व्हर्निअरवर विसंबू नका. त्याचा जबडा सपाट आणि मानेची आतली बाजू गोलाई असलेली, त्यामुळे जबड्याच्या कडा टेकतात, मध्ये फट राहते आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. तुम्ही चांगल्या पुंगळ्या फेकाल, आणि दोन दिवसांनी कंटाळून ‘हे माप जरा जास्तच दाखवतं’ म्हणत वाईट ठेवायला लागाल. बॉल मायक्रोमीटर (आत टेकणारं टोक गोल असलेला) घ्या. चार ठिकाणी मोजा, भिंत एका बाजूला जाड असू शकते. तो नसेल तर पावडर आणि प्रायमर नसलेल्या पुंगळीत गोळी बसवा आणि मानेचा बाहेरचा व्यास मोजा; तिथे व्हर्निअर चालतो. .३३२ पर्यंत ठीक.

जाड मान आतून किंवा बाहेरून घासून पातळ करता येते. त्यासाठी वेगळं अवजार आणि बराच संयम लागतो. बादलीभर फुकट पितळ समोर असताना तो उद्योग कशाला?

क्रिंप आणि शेवटचं धुणं

लष्करी पुंगळीतलं प्रायमरभोवतीचं कडं स्वेजरने दाबून किंवा रीमरने कापून काढा. नाही काढलं तर नवा प्रायमर बसताना तिरका होऊन चेपतो. रीमर वापरलात तर फक्त कड जाईल इतकंच फिरवा, प्रायमर बसतो तो खिसा मोठा झाला की प्रायमर ढिला.

मग सगळं परत धुवायचं. आत मेण आणि मेणाला चिकटलेला कीस असतो, तो राहिला तर पावडर खराब. कडक उन्हात वाळवा. टेक्सासात जुलैमध्ये तासाभरात होतं, एवढाच इथल्या उन्हाळ्याचा फायदा.

डब्यावर नाव

बुडावरचा शिक्का अजून ५.५६ चाच आहे. पुंगळी बदलली, गोत्र जुनंच. आणि ३०० ब्लॅकआउटचं काडतूस ५.५६ च्या रायफलमध्ये गेलं, तर .३०८ ची गोळी .२२४ च्या नळीतून जाऊ शकत नाही आणि रायफल हातात फुटते. मॅगझिन दोघींचं सारखं असल्यामुळे चूक व्हायला वेळ लागत नाही; काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट बंदही होतो, रायफल काही कुरकुर करत नाही.

म्हणून घरात दोन्ही रायफली असतील तर एका वेळी टेबलावर एकच. मॅगझिनला वेगळ्या रंगाची पट्टी. माझ्याकडे ३०० च्या मॅगझिनला भगव्या टेपचा पट्टा आहे, अंधारातही बोटाला लागतो. पुंगळ्यांचे डबे झाकणावर नाही, अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. डब्यात एक चिठ्ठी टाका: शिक्का, रूपांतराची तारीख, मानेची जाडी, किती वेळा वापरल्या.

माझ्या पहिल्या १०० मधल्या चिठ्ठीवर ६१ लिहिलं होतं. बाकीच्या तडकल्या, पोचे पडल्या, जाड निघाल्या, आणि एक त्या रविवारी बोल्ट घालून ओढून काढली. ती अजून खिडकीत ठेवली आहे.